सहाशे मिलिमीटरची लेन्स आणि भाईंदरच्या खाडीतला खुंट

मला फोटोग्राफी शिकवणाऱ्या मोने मास्तरांनी ती लेन्स माझ्या हातात ठेवली आणि मी आपोआप खाली बसलो. एक तर वजन, दुसरी भीती. सहाशे मिलिमीटर! नुसतं बघितलं तर वाटावं, कुणीतरी गिरणीतला पाइप कापून त्याला काचा बसवल्यात. मास्तरांच्या पुतण्यानं ती परदेशातून आणली होती आणि अख्ख्या दादरमध्ये तशी दुसरी असेल असं मला वाटत नव्हतं.

गोष्ट बहात्तर-त्र्याहत्तर सालची. मी एका स्टुडिओत मदतनीस होतो. पासपोर्टचे फोटो, स्थळांना पाठवायचे फोटो, बारशी. "मान जरा वर, डोळे मिटू नका" हे दिवसातून चाळीस वेळा म्हणायचं. मला मात्र पळणारी, उड्या मारणारी, घामानं निथळणारी माणसं टिपायची होती. म्हणून मी एका साप्ताहिकाच्या संपादकांना तीन वेळा जाऊन भेटलो होतो. चौथ्यांदा ते कंटाळून म्हणाले, "सोमवारी एक फोटो आणा. एकच. बघणाऱ्यानं श्वास धरला पाहिजे. मग तुम्हाला घ्यायचं का ते ठरवू."

म्हणजे हातात एक रविवार होता. मोठ्या सामन्यांना आत शिरायला पास लागायचा आणि पास साप्ताहिकाच्या माणसाला मिळायचा. साप्ताहिकात शिरायला फोटो लागणार! डोकं धरून बसलो होतो, तेवढ्यात आठवला पांडू तांडेल. भाईंदरचा कोळी, मुलीच्या लग्नाचे फोटो न्यायला आमच्याकडे आला होता. जाताना म्हणाला होता, "होळीच्या आधी आमच्या खाडीत होड्यांची शर्यत असतंय. या एकदा. बसलेल्या मानसांचं फोटू किती काढशाल?"

मास्तरांनी लेन्स एका दिवसापुरती दिली. वर बजावलं, "ही लांबचं जवळ आणते, पण मधलं अंतर खाऊन टाकते. लक्षात ठेव." मी "हो हो" म्हटलं. खरं सांगायचं तर माझं लक्ष काचेकडे होतं.

आज तिकडे जाणाऱ्यांना हसू येईल, पण तेव्हा भाईंदरला जायचं म्हणजे आम्ही गावाला निघाल्यासारखी तयारी करायचो. आईनं डब्यात पोळी-भाजी दिली. लेन्स तिच्याच गोधडीत गुंडाळली आणि सुतळीनं बांधली. रविवारी सकाळी सहाची गाडी, डब्यात मी आणि दोन दूधवाले. बोरिवली सुटलं की घरं विरळ व्हायची, दहिसर मागे पडलं की दोन्हीकडे शेतं, आणि मीरा रोडला तर उतरणारा एकही दिसला नाही. नुसता वारा आणि लांबवर पेणकरपाड्याची कौलं. मग मिठागरं लागली. पांढरे ढीग उन्हात असे चमकत होते की मी दारात जाऊन उभा राहिलो आणि एकटाच "वा!" म्हणालो.

स्टेशनबाहेर पश्चिमेला बाजार. पुढे खाडीपर्यंत पायीच जायचं, रमतगमत अर्धा तास. वाटेत फरसाणाच्या दुकानात गरम गाठिया आणि चहा घेतला. दुकानदार गोधडीकडे बघत होता.

"ये क्या है भाई? बंदूक?"

"कॅमेऱ्याची लेन्स आहे. फोटो खींचने का।"

"इतना बडा? तो आदमी कितना बडा आयेगा?"

मी त्याला समजावत बसलो तोवर चहा निवला. (ज्यांना खर्चाचा अंदाज हवा त्यांच्यासाठी: गाडीभाडं, चहा-गाठिया सगळं धरून पाचाची नोट पुरून उरली. फिल्मचा रोल वेगळा, त्यात माझा अर्धा पगार गेला होता.)

धक्क्यावर पोचलो तर सगळं गाव लोटलं होतं. भरतीचं पाणी चढत होतं, पलीकडे रेल्वेचा पूल, आणि चार होड्या शिडं गुंडाळून डुलत होत्या. पांडू तांडेलानं मला लांबूनच ओळखलं. पन्नाशीचा, काटकुळा, आणि हसला की सगळे दात दाखवणारा माणूस.

"आला का फोटूवाला! हौसे, यांना पानी दे."

हौसाबाई म्हणजे त्याची बायको. तिनं मला पाण्याचा तांब्या दिला, गोधडी सोडताना पाहिलं आणि विचारलं, "यातनं काय काय दिसतंय?"

"सगळं," मी म्हटलं. किती छाती फुगली होती म्हणून सांगू!

शर्यतीचा कायदा मला हिरूबाबांनी समजावला. हे गावातले सगळ्यात जुने तांडेल, म्हणजे होडी हाकणारे, आता डोळ्यांना कमी दिसायचं. धक्क्यावरून निघायचं, खाडीत सुमारे पाव किलोमीटरवर पुरलेल्या लाकडी खुंटाला वळसा घालायचा आणि परत यायचं. पण नुसता वळसा नाही. सुकाणूवर बसलेल्या तांडेलानं जाता जाता खुंटाला हात लावायचा. एका हातात सुकाणू, दुसरा हात खुंटावर, आणि शिडात वारा भरलेला. जरा जास्त जवळ गेलं तर होडी आपटायची.

"हात लागला की नाही ते बघायला तिथे कोण असतं?" मी विचारलं.

"कोन न्हाय."

"मग कळतं कसं?"

"तांडेल सांगतो. परत आला की होडीत हुबा ऱ्हातो आनि सांगतो. मंग जमिनीवर पाय ठेवतो."

"आणि खोटं बोलला तर?"

हिरूबाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, की वाटलं, मी विचारलं तेच चुकलं. जिंकणाऱ्या होडीच्या डोलकाठीवर वर्षभर लाल निशाण फडकायचं. पांडूच्या होडीवर ते कधीच चढलं नव्हतं. हे मला हौसाबाईनं हळूच सांगितलं आणि लगेच म्हणाली, "औंदा वारा आमचा हाय."

मी धक्क्याच्या टोकाला स्टँड उभा केला. लेन्स चढवली तशी तिपाई डोलायला लागली. हिरूबाबांनी ओल्या वाळूचं पोतं मागवलं, स्टँडला खाली लटकवलं आणि म्हणाले, "आता वादळ आलं तरी हालायचा न्हाय." खरंच हलला नाही. इतकी वर्षं मी स्टँडला वजन लटकवत आलो ते त्यांच्यामुळे.

मग डोळा लावला आणि वेडाच झालो! पलीकडच्या काठावरचा बगळा आला, त्याची चोच आली, चोचीतला मासा आला. मिठागरावर काम करणाऱ्या बाईच्या बांगड्या मोजाव्यात इतक्या जवळ. पुलावरून मालगाडी गेली तर गार्ड जांभई देत होता. खटाखट, खटाखट. शेवटी कॅमेऱ्यावरचा आकडा पाहिला. छत्तीसातले सत्तावीस फोटो बगळे, बांगड्या आणि जांभया यांच्यात गेले होते आणि शर्यत अजून सुरूही झाली नव्हती. मी स्वतःला मनातल्या मनात अशा शिव्या दिल्या की इथे लिहिता येणार नाहीत.

उरले नऊ. ठरवलं, होड्यांच्या मागे धावायचं नाही. लेन्स खुंटावर रोखायची, फोकस पक्का करायचा आणि थांबायचं. जे काही घडायचं ते तिथेच घडेल.

ढोल वाजला. चारही शिडं एकदम फुगली. दोन फोटो तिथेच काढले, कारण राहवेना. मग डोळा खुंटावर. काचेत फक्त पाणी, शेवाळलेला खुंट आणि त्यावर बसलेला एक पाणकावळा. मागे लोक ओरडत होते: "पांडू पुढं हाय! पांडू!" पाणकावळा उडाला. डावीकडून होडीचं टोक आत आलं, मग शीड, मग पांडू स्वतः, अर्धा बाहेर झुकलेला, दात आवळलेले, मानेच्या शिरा तटतटलेल्या आणि उजवा हात ताणलेला. मी बटण दाबलं. एक, दोन, तीन. तिसऱ्या वेळी त्याचा पंजा बरोब्बर खुंटावर होता. पाचही बोटं लाकडावर!

"लागला! हात लागला! मी पाहिलं!" मी ओरडलो. मला कुणी विचारलं नव्हतं.

पण एवढ्या मोठ्या नळकांड्यातून बघणाऱ्या माणसाचा शब्द. धक्का उसळला. ढोलवाल्यांनी ढोल बडवायला घेतले, हौसाबाईनं पदराच्या टोकानं डोळे पुसले, कुणीतरी लाल निशाण आणायला धावलंसुद्धा. एकटे हिरूबाबा माझ्या दंडाला धरून म्हणाले, "अवो, थांबा. त्याला येऊं द्या."

पांडूची होडी पहिली आली, दुसरीपेक्षा चांगली दोन होड्यांच्या लांबीनं पुढे. तो सुकाणू सोडून उभा राहिला. ढोल थांबले. त्यानं निशाण पाहिलं, बायकोकडे पाहिलं.

"हात लागला न्हाय," तो म्हणाला.

मग मीच बोललो, आणि त्या बोलण्याची मला आजही लाज वाटते. "अहो, लागलाय! माझ्याकडे फोटो आहे! तुम्हाला घाईत कळलं नसेल!"

पांडू हसला. तेच सगळे दात. "सायेब, तुमी तिकडनं बघितलं. हात माझा हाय. लाकूड लागलं असतं तर मना कळलं असतं."

दुसऱ्या होडीच्या तांडेलानं हात लागल्याचं सांगितलं आणि निशाण तिच्यावर चढलं. त्या होडीच्या तांडेलानं पहिला नारळ फोडला तो पांडूच्या हातात दिला आणि ढोल पुन्हा सुरू झाले. माझा डबा तसाच राहिला, कारण हौसाबाईनं मला घरी ओढून नेलं आणि तांदळाची भाकरी नि निवटीचं कालवण वाढलं. निवटी म्हणजे खाडीच्या चिखलातली छोटी मासळी. मिळाली तर सोडू नका. माझा घास उतरेना तशी ती म्हणाली, "खावा की. हरलो आमी, उपास तुमी का करताव?"

संध्याकाळी स्टुडिओच्या अंधाऱ्या खोलीत रोल धुतला. खुंटापाशी घेतलेली तिसरी फ्रेम कागदावर उमटत गेली आणि माझा श्वास खरंच अडकला. शिरा, दात, पाण्याचे शिंतोडे आणि खुंटावर टेकलेला पंजा. असा फोटो मी आयुष्यात काढला नव्हता. लाल दिव्यात एकटाच नाचलो. मग भिंगानं पाहिलं, पुन्हा पाहिलं. हात लागलेलाच होता.

सोमवारी आधी मास्तरांकडे लेन्स परत करायला गेलो आणि फोटो दाखवला. त्यांनी चष्मा वर केला. "हात पुढे आहे, खुंट मागे. मध्ये वीतभर असेल, हातभरही असेल. ते अंतर लेन्सनं खाल्लं. तुला सांगितलं होतं ना?"

संपादकांनी फोटो पाहिला आणि ते खुर्चीतून उठले. माझी हकिगत ऐकून आणखीनच खूश झाले. "पहिल्या पानावर घेऊ! मथळा: हात लागला होता! गावानं हरवलं, कॅमेऱ्यानं जिंकवलं!"

हेच तर हवं होतं मला. चार वेळा हाच जिना चढलो होतो.

"हात लागला नव्हता," मी म्हटलं.

"अहो, दिसतोय की!"

"दिसतोय. पण लागला नव्हता. लागला नव्हता असं लिहिणार असाल तर हा छापा."

"मग त्यात राहिलं काय?" त्यांनी फोटो टेबलावर टाकला. शेवटी दुसरा एक घेतला, सुरुवातीच्या फुगलेल्या शिडांचा. तो आतल्या पानावर, काडेपेटीएवढा, माझ्या नावाशिवाय छापून आला. नोकरीचं म्हणाल तर ती तीन महिन्यांनी लागली, तीही साध्या लेन्सवर काढलेल्या हुतूतूच्या फोटोवर.

शिमगा झाल्यावर एक प्रत घेऊन मी पुन्हा भाईंदरला गेलो. हौसाबाईनं फोटो उजेडात धरला आणि ओरडली, "अवो, लागलाय की!" पांडूनं तो हातात घेतला, खूप वेळ पाहिला.

"मनाबी तसंच दिसतंय," तो म्हणाला. "पन न्हाय लागला." आणि फोटो देव्हाऱ्याशेजारी खिळ्याला अडकवला.

पुढे मी खूप सामने टिपले, त्याहून लांब लेन्स वापरल्या. त्या शर्यतीचं काय झालं मला माहीत नाही. परवा गेलो तेव्हा बाजारातून खाडीपर्यंत रिक्षानं जायला पाऊण तास लागला. पण त्या फोटोची दुसरी प्रत आमच्या बैठकीच्या खोलीत आहे. येणारा प्रत्येक जण तिच्यापुढे थांबतो. "काय क्षण पकडलाय! हात अगदी बरोब्बर लागलाय."

"नाही लागलेला," मी सांगतो.

"कशावरून?"

"ज्याचा हात होता, त्यानं सांगितलं."