खाणीचं व्याज

आमच्या घरातल्या कुणीही ती खाण पाहिलेली नव्हती. मध्य प्रांतात कुठेतरी मँगनीज निघतं, ते पोलाद करायला लागतं आणि बोटीने विलायतेला जातं, एवढीच सगळ्यांची माहिती. तरी दिवाळीच्या पाडव्याला वह्यांच्या पूजेत त्या कंपनीचं पाकीट मांडलेलं असायचं. त्याच्यावर इतकं हळदकुंकू पडायचं की पत्ता वाचता येऊ नये.

माझे सासरे, त्यांना मी मामा म्हणत असे, सोलापुरात नव्या पेठेत लुगड्यांचा व्यापार करायचे. पुढे दुकान, मागे घर. घरात कानडी आणि मराठी अशी मिसळून चालायची की एक वाक्य संपेपर्यंत दोन्ही भाषांना पाय टेकायला मिळायचे. मी इथे सगळं मराठीतच लिहिते आहे. मामांना मोडी आणि कानडी लिहिता यायचं, हिशेब तोंडी यायचा, पण इंग्रजी म्हणजे काळ्या मुंग्या. माझे यजमान मॅट्रिकच्या उंबऱ्यावरून परतलेले. माझे वडील मात्र कचेरीत कारकून होते आणि त्यांनी मला हट्टाने इंग्रजी सहावीपर्यंत शिकवलं होतं. त्यामुळे लग्न होऊन आल्यावर वर्षभरातच घरातली इंग्रजी पत्रं वाचायचं काम माझ्याकडे आलं. वाचायचं तेही दाराआडून. मामा दुकानाच्या बैठकीवर बसणार, मी उंबऱ्याच्या आत उभी राहून वाचणार आणि मराठीत सांगणार. मला त्याचं वाईट वाटत नसे असं म्हणणार नाही. वाटायचं. पण वाचायला मिळत होतं, म्हणून मी ते गिळायची.

खाणीच्या शेअरवर दर वर्षी जो डिव्हिडंड यायचा त्याला मामा 'खाणीचं व्याज' म्हणायचे. त्यांची सगळी चूक त्या एका शब्दात होती, पण ती समजायला मला पुढे बरेच दिवस लागले. व्यापाऱ्याची पारख साधी असते. ज्याची हुंडी तारखेला सुटते तो माणूस खरा. ह्या कंपनीने तर कित्येक वर्षं तारीख चुकवली नव्हती आणि रक्कमही कधी कमी झाली नव्हती. मग मुद्दल शाबूत असणारच. पेठेतल्या कुठल्याही व्यापाऱ्याने असंच म्हटलं असतं, आणि म्हणतही होते.

आता आत्याबद्दल. ती मामांची धाकटी बहीण, तरुणपणीच विधवा होऊन भावाकडे परत आलेली. मूलबाळ नाही. तिच्या वडिलांनी लग्नात मंद्रूपची आठ एकर काळी जमीन तिच्या नावावर करून दिली होती. ती तिथला एक माणूस वाट्याने करायचा. पाऊस झाला तर ज्वारी यायची, नाही झाला तर कडब्यावर समाधान. सगळ्या जगात आत्याचं स्वतःचं म्हणावं असं तेवढंच. बाकी तिचं लुगडं, तिचं औषध, तिची यात्रेची दक्षिणा, सगळं भावाच्या हातातून यायचं. भाऊ द्यायचा, कुरकुर न करता द्यायचा. पण मागावं तर लागायचंच.

एकोणीसशे तीसच्या आगेमागे व्यापार मंदावला. लुगड्यांचे गठ्ठे फळीवरून हलेनात. तेव्हा मामांच्या मनात आलं की आत्याची जमीन विकावी आणि त्या पैशाचे खाणीचे शेअर घ्यावेत. जमिनीपेक्षा दुपटी-तिपटीनं जास्त येईल, पावसाची वाट बघायला नको. त्यांचा हेतू वाईट नव्हता, हे मी शपथेवर सांगेन. त्यांना बहिणीचं भलंच करायचं होतं. मंद्रूपचं गिऱ्हाईक ठरलं, विसार घेतला, पुढच्या आठवड्यात आत्याने कागदावर अंगठा करायचा असं ठरलं. आत्याला कुणी विचारलं नाही. तिनेही काही म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दोघी ज्वारी निवडत बसलो होतो. ती सुपातले खडे काढता काढता, वर न बघता म्हणाली, "यव्वा, तुला इंग्रजी येतंय न्हवं?"

"येतं की, आत्या."

"अण्णा माझी जिमीन त्या खाणीत घालतोय. ती खाण हाय तरी कशी, तेवढं वाचून सांग मला. गेली तर गेली. पण कुटं गेली ते तरी कळू दे."

मला त्या क्षणी रडू आलं नाही, राग आला. तिच्यावर नाही, माझ्यावर. इतकी वर्षं ती पाकिटं माझ्या हातांतून जात होती. मी फक्त रक्कम वाचून दाखवत होते. पाकिटात रकमेच्या कागदाबरोबर छापील अहवाल असायचा, तो मी कधी उघडूनही बघितला नव्हता. इंग्रजी येतं म्हणून नाक वर करून हिंडणारी मी!

अहवाल शोधायला गेले तर ते सगळे कामाला लागलेले. कागद गुळगुळीत आणि जाड, म्हणून दुकानात लुगड्यांच्या फळ्यांवर अंथरलेले. दुकान बंद असताना मी गठ्ठे उचलून एकेक काढला. एक फडताळात लोणच्याच्या बरणीखाली सापडला. नेमका त्याच्यातला नफ्याचा आकडा तेलाने खाल्ला होता. यजमान म्हणाले, "तू ह्यात पडू नकोस." मी म्हटलं, पडले आहे, आता दिवा नाही तर निदान डिक्शनरी तरी आणून द्या. बिचाऱ्यांनी आणून दिली.

पहिले दोन दिवस मला काही उमगलं नाही. मालकांची नावं, आभार, हवापाणी. 'ओव्हरबर्डन' असा एक शब्द जागोजागी यायचा आणि डिक्शनरी सांगायची, फाजील ओझं. कंपनी दर वर्षी फाजील ओझ्यावर खर्च का करते? मग एका ठिकाणी सविस्तर लिहिलेलं सापडलं. ती खाण उघडी होती. खनिजाच्या वर माती-मुरमाचा थर. तो आधी काढून टाकायचा, मग खालचा माल दिसणार. विहीर खणताना पाणी लागायच्या आधी मुरूम उपसावा लागतो, तसंच. म्हणजे यंदा माती काढली तर पुढच्या वर्षी माल.

त्यानंतर मी सगळे अहवाल जमिनीवर वर्षांच्या क्रमाने मांडले आणि एकच ओळ बघत गेले. चार वर्षांपूर्वी माती भरपूर काढली होती. पुढच्या वर्षी कमी. त्याच्या पुढच्या वर्षी आणखी कमी. शेवटच्या अहवालात लिहिलं होतं की काटकसरीच्या दृष्टीने ते काम तूर्त थांबवलं आहे. मालाला भाव नव्हता, हेही त्यांनीच लिहिलं होतं. आणि तळाशी, बारीक अक्षरात, डिव्हिडंडची रक्कम पुरी करण्यासाठी गंगाजळीतून इतके घेतले. त्याच्या मागच्या वर्षीही घेतले होते. डिव्हिडंड मात्र चारही वर्षं तोच, एक आणासुद्धा इकडे तिकडे नाही. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून आलं, हे त्यांनी लपवलं नव्हतं. वाचणाऱ्याने वाचलं नव्हतं.

मला सगळं कळलं होतं असा माझा दावा नाही. भाव वाढला असता तर कंपनी सावरलीही असती. पण आत्याच्या आठ एकरांवर मी ती पैज लावणार नव्हते.

मामांना सांगायला गेले ते उंबऱ्याच्या आतूनच. त्यांनी ऐकून घेतलं आणि त्यांचा आवाज चढला.

"ह्या कंपनीनं एकदाबी तारीख चुकवली न्हाय. लई वर्सं झाली. तू आता आली हैस."

मी गप्प राहिले असते तर सून म्हणून शोभले असते. पण माझ्या डोळ्यापुढे मामांचीच एक सवय आली. विणकरांना ते उचल द्यायचे. तेलुगू बोलणारी ती माणसं, घरोघरी माग. मामा त्यांच्या घरी गेले की समोर विणलेलं लुगडं कितीही देखणं असो, तिकडे बघायचेच नाहीत. सरळ मागाच्या मागच्या बाजूला जायचे. रुळावर ताणा, म्हणजे विणायचं उभं सूत, किती उरलाय, गल्लीत पुढच्या ताण्याची पांजणी चाललीय का, सुताला खळ लागतेय का, ते बघायचे आणि मगच पैसे मोजायचे. हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

मी म्हटलं, "मामा, विणकराला उचल देताना तुम्ही कापड बघता का?"

"कापड काय बगायचं? ताणा संपस्तोवर कापड निघतंच की."

"मग ह्या खाणीचा ताणा कुणी बघितला?"

नोकर गठ्ठा बांधत होता, त्याचा हात थांबला. मामा म्हणाले, "ते कागद घिऊन भाईर ये. हितं बस."

मी पहिल्यांदा त्या बैठकीवर बसले. गादीच्या कडेला, पण बसले. आणि मग मामांनी माझी जी उलटतपासणी घेतली, तशी माझ्या कुठल्या मास्तरांनी घेतली नाही.

"भाव पडला म्हणून हात आखडला आसंल. भाव आला की माती काढतील."

"काढतील. पण माती काढून माल दिसायला वर्ष जाईल. तोवर काय देणार?"

"गंगाजळी हाय की."

"दोन वर्षं तीच खाताहेत. आणखी एखादं वर्ष पुरेल, फार तर."

"मग कमी का देत न्हाईत? शाणी माणसं हैत ती."

"कमी दिलं तर बाजारात बोभाटा होईल, मामा. झाकली मूठ."

ते हसले नाहीत. अहवाल एकेक उचलून, वाचता येत नसताना, त्या ओळीवर बोट ठेवून बघत राहिले. मग म्हणाले, "म्हंजे हे व्याज न्हाय. मुद्दलच मोडून वाढत्यात." मी मान हलवली. चार दिवस मी जे डिक्शनरी घेऊन शोधत होते, ते त्यांनी एका वाक्यात सांगितलं. त्या माणसाची बुद्धी मोठी होती. फक्त तिच्यापर्यंत इंग्रजी पोचलं नव्हतं.

मंद्रूपला ते स्वतः गेले आणि विसार परत करून आले. दिलेला शब्द मागे घ्यायची त्यांच्या आयुष्यातली ही पहिलीच वेळ. गिऱ्हाईक काय काय बोललं ते त्यांनी कधी सांगितलं नाही. आपले शेअर मात्र त्यांनी विकले नाहीत. "मी जुना भागीदार हाय," एवढंच म्हणाले. हट्टच तो, दुसरं काय.

आणि पुढच्या वर्षी डिव्हिडंड आला. तारखेला, तेवढाच, नेहमीसारखा.

ते वर्ष मी कसं काढलं ते माझं मला माहीत. पेठेत हसू झालं, सुनेच्या अकलेने चालणारं दुकान म्हणून. सासूबाई जाता येता खोकायच्या. त्यात मंद्रूपला पाऊस ओढला आणि आत्याला कडब्याशिवाय काही मिळालं नाही. शेअर घेतले असते तर तिच्या हातात बरी रक्कम आली असती, हे घरातल्या भिंतीसुद्धा मला सांगत होत्या. एकटी आत्याच काही बोलली नाही. मी मात्र पाकिटातला अहवाल उघडून बघितला. माती काढायचं काम अजून थांबलेलंच होतं आणि गंगाजळीत खरडायलाही फारसं उरलं नव्हतं. मी तो अहवाल फळीवर अंथरू दिला नाही, माझ्या पेटीत ठेवला.

त्याच्या पुढच्या वर्षी पाकीट हलकं आलं. आत अहवाल होता, रकमेचा कागद नव्हता. संचालकांना खेद होता. मी बैठकीवर बसून ते वाचून दाखवलं, आणि मला सांगायला लाज वाटत नाही, वाचताना माझा आवाज स्थिर राहिला नाही. बरोबर ठरल्याचा आनंद होता आणि मामांचं नुकसान झाल्याचं दुःख होतं. मामा म्हणाले, "बरं." शेअरची किंमत विड्याच्या पानाइतकीही उरली नव्हती. तू बरोबर होतीस असं ते मला कधीही म्हणाले नाहीत. पण कुणी व्यापारी कुठल्या कंपनीचा कागद घेऊन आला की म्हणायचे, "थांबा, सूनबाईला बगू द्या."

त्या साली मंद्रूपला ज्वारी मात्र उदंड आली. भाव पडलेलाच होता, पण ज्वारी खाता येते, तिला बाजाराची परवानगी लागत नाही. आत्या स्वतः गावी जाऊन राहिली, मळणी उरकली आणि भरल्या गाडीवर बसून सोलापुरात आली. भर बाजाराच्या वेळी, नव्या पेठेतून. गाडी दुकानासमोर उभी राहिली. मामा बाहेर आले आणि हमालाला म्हणाले, "मागल्या दारानं घे."

"न्हाय अण्णा," आत्या गाडीवरूनच म्हणाली. "म्होरल्या दारानं."

शेजारचे दुकानदार ओट्यावर आले होते. आत्या खाली उतरली. कपाळावरचं भस्म घामाने पुसलेलं, लुगड्यावर भुसा. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ती भावाला म्हणाली, "औंदा व्यापार न्हाय म्हंत्यात. आसू दे. औंदा समद्यांनी माझ्या घरचं खावा."

मामांचे डोळे भरून आले. त्यांनी पहिल्या पोत्याला स्वतः हात लावला.

कुणीतरी विचारलं, एवढी जमीन हिच्याकडे राहिली कशी? आत्याने दारात उभ्या असलेल्या माझ्याकडे बोट केलं आणि म्हणाली, "हिनं राखली." सगळा रस्ता माझ्याकडे बघत होता. रिवाजाप्रमाणे मी आत जायला हवं होतं. मी तिथेच उभी राहिले आणि पोती मोजून आत घेतली.