ताईची तारीफ

ताईला बघायला दिघीचे पाहुणे आले, तेव्हा मी पिंपरीच्या नव्या औषधांच्या कारखान्यात कारकून होतो. मॅट्रिक पास. शाळेत वाक्प्रचारांचे अर्थ मला तोंडपाठ असत आणि ते कुठं वापरावेत याचा पत्ता नसे.

आधीची दोन स्थळं एकाच कारणानं फिरली होती. आईचे सांधे धरलेले, सगळं घर ताईच्या अंगावर. अशी मुलगी लग्नानंतरही सारखी माहेरी पळणार, असं लोक म्हणत. म्हणून वडिलांनी मला बजावलं होतं, "आईचं विचारलं तर मी बोलेन. तू पोहे खा."

पोहे खाऊन झाले आणि माझी जीभ वळवळली. मुलाच्या आत्याला म्हणालो, "ताईला आम्ही तळहातावरच्या फोडासारखं जपलंय!"

आत्यानं ताईचा हात ओढून उलटा केला. भाकऱ्या थापून, पाणी शेंदून घट्टे पडलेले. "व्हय, दिसतंय की," ती म्हणाली.

इथं शहाणा माणूस थांबला असता. मी म्हणालो, "तिच्यावाचून या घरातलं पानसुद्धा हलत नाही!"

वडिलांनी डोळे मिटले.

"आन् आमी नेली मंग?" आत्यानं विचारलं. "हितलं कोन करनार?"

"मी आहे ना!"

"आसं? मंग च्या टाका राव. बघू तरी."

मी ऐटीत आत गेलो. चूल विझत आलेली. फुंकली तर राख डोळ्यांत. साखरेचा डबा समजून उघडला तो मिठाचा. शेवटी जे ओरडायला नको होतं तेच ओरडलो, "ताई, साखर कुठंय गं?"

बाहेर आत्या खदाखदा हसली. ताई उठून आत आली. माझ्याकडं न बघता तिनं डबा काढला, चहा केला. पाहुणे तो पिऊन "कळवतो" म्हणून गेले, आणि कळवलं नाही.

मी आयुष्यात पुष्कळ तोंडघशी पडलो आणि त्याचे किस्से करून सांगत आलो. हा किस्सा मात्र हसू येईल असा सांगताच येत नाही. वाक्प्रचाराचा अर्थ मला ठाऊक होता. ते पान रोज कोण हलवतंय, ते मी कधी पाहिलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे ताईनं मला हलवून उठवलं आणि हातात फुंकणी दिली.

"बस चुलीपुढं," ती म्हणाली. "तुला येईपर्यंत मला कुणी नेणार नाही."