शेल्यातलं माप

आगगाड्यांची मॉडेलं करणारं आमचं हौशी मंडळ होतं. त्यात धरमपेठेचा माझा एक दोस्त. जुना मालडबा दिसला की छत्रीनं, टॉवेलानं, हाती असेल त्यानं मोजायचा आणि पुठ्ठ्याचा तसाच करायचा.

त्याच्या लग्नाची वरात रेल्वे फाटकाशी अडली. समोर मालगाडी उभी. मुहूर्त जवळ आलेला.

"अबे, लाकडी दाराचा डबा! आता कुठं भेटते?" म्हणत नवरदेव घोड्यावरून उतरला, शेल्यानं दार मोजलं आणि मापाशी गाठ मारली. मी घोडा धरून हसत सुटलो.

मांडवात शालूला शेला बांधायला भटजी ती गाठ सोडू लागले.

"सोडू नका जी, डब्याचं माप हाये."

नवरीनं त्याच्याकडे पाहिलं आणि शेल्याचं दुसरं टोक भटजींच्या हाती दिलं.

"इकडून बांधा जी."