दुर्बिणीची उंची

पाटबंधारे खात्यात शमशुद्दीनने तीस वर्षं मोजणीचं सामान वाहिलं. साहेब दुर्बिणीला डोळा लावायचे, हिशेब करायचे, हा जमिनीपासून दुर्बिणीपर्यंत टेप धरून ओरडायचा, "दुर्बिणीची उंची चार फूट आठ!" बघून बघून कोनावरून उंची काढायला तोही शिकला. निवृत्त झाल्यावर कसबा पेठेतल्या गल्लीत कुणाला काही मोजायचं असलं, की पुठ्ठ्याचा कोनमापक आणि दोऱ्याला बांधलेलं वजन घेऊन स्वारी हजर.

त्या वर्षी शेजारच्या श्यामलावहिनींच्या परसातला माड वीज पडून वाळला. खोड पोखरलेलं, वर चढायला कुणी धजेना, बुंध्यातूनच पाडायचा. तीन बाजूंना लोकांची घरं, चौथीकडे वहिनींचं अंगण आणि त्यापुढे पत्र्याची खोली. खोलीत त्यांचे यजमान बाळासाहेब, कंबर मोडून पडलेले. जरा हलवलं की किंचाळायचे.

"भाई, माड खोलीपर्यंत पोचेल का हो? तुम्ही म्हणाल तसं करू."

शमशुद्दीन बुंध्यापासून चाळीस फुटांवर उभा राहिला, शेंड्यावर नजर लावली. दोरा बरोबर पंचेचाळीस अंशांवर. म्हणजे अंतर तेवढीच उंची.

"चाळीस फूट. खोली बेचाळीसवर आहे. हलवू नका त्यांना."

"दोन फूट!" आतून बाळासाहेब म्हणाले. "ऐसपैस जागा ठेवलीत की माझ्यासाठी."

दुसऱ्या दिवशी सकाळी झाडं पाडणाऱ्या बजरंगने करवत लावली. शमशुद्दीन घरी चहा पीत होता. बायको रशीदा हसून म्हणाली, "अहो, झोपेतसुद्धा दुर्बिणीची उंची ओरडायचात. काल काहीच ओरडला नाहीत?"

"काल दुर्बीण कुठे होती?" असं म्हणता म्हणता त्याच्या हातातली बशी निसटली. दुर्बिणीच्या जागी त्याचाच डोळा होता. जमिनीपासून पाच फूट वर, आणि ते पाच फूट उंचीत मिळवायचेच राहिले होते! माड चाळीस नव्हे, पंचेचाळीस फूट.

तो अनवाणीच धावला.

"थांब, बजरंग!"

"आता कसं थांबू, चाचा? करकरायला लागलंय. दोर किती वेळ धरतील पोरं?"

"माड खोलीवर येणार!" शमशुद्दीन श्यामलावहिनींना ओरडून म्हणाला. "गजानना!" एवढंच त्या म्हणाल्या आणि आत धावल्या. गादीची दोन टोकं त्यांनी धरली, दोन शमशुद्दीनने. बाळासाहेब गुरासारखे ओरडत होते. उंबऱ्यात गादी अडली. मागे खोड कडाडलं. शमशुद्दीनच्या तोंडून कलमा निघाला, त्याने डोळे मिटून हिसका दिला.

पत्रा फाटला. धूळ बसली तेव्हा माडाचा शेंडा रिकाम्या खाटेवर, उशीच्या बाजूला पडलेला होता.

वहिनी देवापुढे बसून राहिल्या. शमशुद्दीनला मान वर करवेना. बाळासाहेब कण्हत म्हणाले, "शमशुद्दीन, मोजून घे बाबा. आता आडवा आहे."

पुढे तो मरेपर्यंत कुणाचं ना कुणाचं मोजत राहिला. मात्र आधी स्वतःच्या डोळ्यापर्यंत टेप धरून भर गल्लीत ओरडायचा, "दुर्बिणीची उंची पाच फूट!" पोरं हसायची. श्यामलावहिनी मात्र तो आवाज आला, की हातातलं काम ठेवून हात जोडायच्या.