वाढीची इंजेक्शनं

महाल पेठेतले आमचे टेलर मास्तर माप घेताना गिऱ्हाइकाला चिडवल्याशिवाय राहत नसत. घराण्यातला मी पहिला बी.ए., तरी म्हणायचे, "बीए होऊन बी कापड तेवढंच लागून राहिलं गा तुले!"

फौजदाराच्या भरतीसाठी माझी उंची इंचभर कमी पडत होती. मी म्हणालो, "मास्तर, पँट जरा लांब ठेवा. डॉक्टरकडून वाढीची इंजेक्शनं घेणार आहे."

मास्तरांनी मशीन थांबवली. सुजलेली बोटं माझ्यापुढे धरली.

"म्या बी घेतली होती, तुझ्याच वयात. उंची नाही वाढली. हात मात्र सुन्न झाले. सुई धरली तरी समजत नाही मले."

मग त्यांनी सुई-दोरा माझ्या हातात दिला. "ओवून दे गा."

मी दोरा ओवून दिला आणि म्हणालो, "आहे त्या मापानंच कापा."