बाईंचा कान आणि सोसायटीचा जनरेटर

"काका, मशीन बिल्कुल ठीक आहे. मेकॅनिकने स्पीड चेक केलाय. आईचा कानच गेलाय," निखिल मला म्हणाला. आई समोरच बसली होती.

वानखेडे बाईंनी दिल्लीत जन्मभर मुलांना गाणं शिकवलं. आता गाझियाबादला मुलाकडे राहतात, घरीच क्लास घेतात. म्हणजे घेत होत्या. त्यांच्या गुरूंची एक रेकॉर्ड आहे, काळी एक पट्टीतली. मेकॅनिक मशीनची सर्व्हिसिंग करून गेल्यापासून ती त्यांना चढी ऐकू यायची, पेटीशी जुळायची नाही. टर्नटेबल तर मेकॅनिकने पास केलेलं, म्हणून त्यांनी क्लास बंद केला आणि निखिलने कानाच्या डॉक्टरची अपॉइंटमेंट घेतली.

"मशीन खोटं कशाला बोलेल?" बाई म्हणाल्या. मला फार वाईट वाटलं.

माझी सगळी नोकरी मोटर टेस्टिंगमध्ये गेली. मी टेस्ट रेकॉर्ड लावली. तिच्यावर एकच सूर असतो. तो मीटरवर किती भरतो, त्यावरून वेग कळतो. आधी वाव-फ्लटर पाहिलं, म्हणजे वेगाची थरथर. जवळजवळ नाहीच. मोटर ठणठणीत. वेग मात्र चार टक्के जास्त! चार टक्के म्हणजे पेटीच्या दोन शेजारच्या सुरांमधल्या अंतराच्या अर्ध्याहून थोडं अधिक. बाई ऐकत होत्या ते अगदी बरोबर होतं.

"पण मेकॅनिकने माझ्यासमोर पट्ट्यांची चकती ठेवली होती," निखिल म्हणाला. "लॅम्पखाली पट्ट्या एकदम स्थिर होत्या."

त्या चकतीवर छोटा निऑन दिवा धरतात. तो विजेच्या तालावर लुकलुकतो. वेग बरोबर असेल तर पट्ट्या थांबल्यासारख्या दिसतात. मी माझी चकती ठेवली, दिवा धरला. पट्ट्या पुढे सरकत होत्या.

"तो आला तेव्हा आजच्यासारखी लाइट होती का?" मी विचारलं.

"लाइट कुठली? दिवसभर जनरेटर धडधडत होता," बाई म्हणाल्या.

मग उलगडा झाला. सोसायटीचा जनरेटर जरा जोरात पळत असणार. त्यामुळे दिवाही भरभर लुकलुकला. मेकॅनिकने पट्ट्या थांबेपर्यंत स्पीडचा स्क्रू पिळला आणि चांगल्या मशीनला जनरेटरच्या तालावर नाचायला लावलं.

मी स्क्रू मागे घेतला, मीटरवर वेग जुळवला आणि गुरूंची रेकॉर्ड लावली. बाईंनी जरा घाबरतच पेटीची काळी एक दाबली. सूर सुरात मिसळला. त्यांनी पट्टीवरचं बोट उचललंच नाही. डोळे भरून आले होते. माझाही जीव भांड्यात पडला.

"निखिल," थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "डॉक्टरची अपॉइंटमेंट कॅन्सल करू नकोस. तू जाऊन ये."

हल्ली कुणाच्याही घरी गेलो की मीटर काढण्याआधी मी एवढंच विचारतो, लाइट आहे की जनरेटर?