पानी न आलेल्या दिवसांचं चित्र

फोन आला तेवा नळापाशी आमी चौघी होतो. मी, माझी सून वैशाली, शेजारची गुलाबबाय आनि गुलाबची आंधळी सासू, ती रोज सकाळी नुसती येऊन पायरीवर बसते. नळाला पानी नवतं. फोनवर नसीमाची बहीन होती. वैशालीनं ऐकलं आनि माझ्याकडं बगायचं टाळलं, तेवाच मला कळलं. "आई, नसीमाताई गेली." कोनी मोठ्यानं रडलं नाय. हंडे कडेला सरकवले आनि तशाच चौघी वरच्या आळीला चालत गेलो. मानसं तिला कबरस्तानात घेऊन गेली, आमी बाया तिच्या घरात खाली बसून राहिलो... परवा तिचा चाळिसावा झाला. मला दुसरीपर्यंतच शाळा, म्हनून मी बोलतेय आनि वैशाली लिवून घेतेय.

आमचं गाव खाडीच्या अंगाला, खारघरच्या अलीकडं. भातशेती गेली, मिठागरं गेली, बाजूनं बिल्डिंगी उठल्या, मधे गाव तेवढं राहिलं. पान्याचा पाईप वरच्या आळीनं येतो नि आमच्या खालच्या आळीत संपतो. म्हंजे त्यांचं भरून उरलं तर आमाला. मी चाळीस वर्षं वरच्या आळीतनं डोक्यावरनं पानी आनलंय. पोटुशी असताना आनलंय. नवरा गेला त्याच्या तेराव्याला मानसं जेवली, ते पानी पन मीच आनलं. सगळ्याच आनत होत्या, त्याचं कोन काय सांगनार? नसीमाचं घर वरच्या आळीच्या टोकाला. तिथं कोकनी मुसलमानांची चार घरं हायत, त्यांचं-आमचं येनं-जानं पिढ्यांचं. तिनं लग्न केलं नाय. महाप्याला कंपनीत नोकरी, दिवसभर कॉम्प्युटरवर आकड्यांचे तक्ते मांडायचे. पुढं दम लागायला लागला, हृदयाचं दुखनं निघालं, तेवा नोकरी सोडली. ती घरी बसली आनि मी तिला दिसले.

"काकी, दिवसातनं किती वेळा जातेस गं माझ्या दारावरनं?"

"तुला काय काम नाय वाटतं, माझ्या खेपा मोजायला बसलीस?"

"मोजल्या ना. आज सात."

तिच्या नळाला पानी भरपूर, तिला काय गरज होती? पन तिला झोप लागेना. ती बोलली, तोंडानं सांगून ऑफिसात कोन ऐकत नाय, लिवून न्यायचं. खालच्या-वरच्या मिळून अडतीस घरांत तिनं एकेक वही वाटली. पानी कधी आलं, कधी गेलं, एवढंच लिवायचं. आकडे मला येतात, घड्याळ येतं. वर्षभर लिवलं आमी. गुलाबची वही तर पिठानं पांढरी झालेली. दर रविवारी नसीमा सगळ्या वह्या घ्यायची आनि कॉम्प्युटरात भरायची. डाव्या हातानं छाती दाबून उजव्या हातानं भरायची.

वर्ष झालं तेवा तिनं पहिला कागद काढून दाखवला. अडतीस घरांच्या अडतीस रेघा, सगळे रंग, एकावर एक. मी बोलले, "हे तर उंदरानं कुरतडलेलं जाळं दिसतंय." ती हसली. "खरंय काकी. मलाच यातलं काय कळत नाय, साहेबाला काय कळणार?" मग तिनं एकेका आळीतल्या सगळ्यांची मिळून सरासरी काढली, एका आळीला एक जाड खांब, आनि बेलापूरला पान्याच्या ऑफिसात आमी तिघी गेलो. वह्या पन नेल्या होत्या. साहेबानं गठ्ठा बगूनच हात जोडले, एवढं कोन वाचनार! कागद तेवढा वाचला. "बाई, तुमच्या खालच्या आळीत सरासरी दोन तास पाणी येतंय. माझ्या बिल्डिंगला एक तास येतं. मीच राहायला येऊ का तुमच्याकडे?" बाजूचे क्लार्क हसले. नसीमा खाली मान घालून उठली. जिना उतरताना तिला तीनदा थांबावं लागलं.

घरी येऊन मी तिला बोलले, "तुझा कागद खोटा हाय." तिला लागलं ते. पन मी माझ्या घराची रेघ दाखवायला लावली. तिनं कॉम्प्युटरवर ती एकटीच काढली. शिमग्याचा आठवडा कुठला ते मी विचारलं. "हितं चार दिवस आमच्याकडं थेंब नवता. पुरनाची डाळ मी तुझ्याकडनं पानी नेऊन शिजवलेली. आनि ही रेघ बग, कशी मजेत सरळ चाललीय!" तिनं माझी वही उघडली. त्या चार दिवसांची जागा कोरी.

"काकी, काहीच लिवलं नाहीस?"

"पानी आलंच नाय तर लिवू काय?"

तिनं कपाळाला हात लावला. मग गुलाबची वही, मग बाकीच्यांच्या... सगळ्या बायांनी तेच केलेलं. पानी नाय आलं त्या दिवशी कोनी वहीला हात लावला नाय. कॉम्प्युटर कोरी जागा सोडून देतो, सरासरीत धरत नाय, आनि रेघ काढताना अलीकडचं टोक पलीकडं जोडून टाकतो. आमचे सगळ्यात वाईट दिवसच त्याच्या हिशोबी नवते. "चूक माझी," नसीमा बोलली. "शून्य लिवा, हे मी सांगायला पायजे होतं."

मी बोलले, मग आता टाक सगळीकडं शून्य. तर नाय! कोन त्या दिवशी लग्नाला गेलेली असेल, कोन माहेरी. पानी आलं नाय, हे वेगळं, आनि बगायला कोन नवतं, हे वेगळं. ती घरोघरी फिरली, धापा टाकत. बाया आठवून सांगायच्या, त्या दिवशी पोरीची हळद होती, त्या दिवशी माझी एकादस होती, पानी नवतं हे नक्की. तिथं शून्य. जिला आठवलं नाय, तिथं तिनं कोरंच ठेवलं, नि चित्रात पन जागा मोकळी सोडली. "एक खोटं निघालं ना काकी, तर साहेब सगळंच खोटं म्हणेल."

मग तिनं दुसरं चित्र काढलं. एका पानावर अडतीस छोट्या चौकटी, घराला एक. दिवसाला एक काडी, जेवढा वेळ पानी तेवढी उंच. उंचीचं माप सगळ्यांना एकच, नायतर गुलाबचा अर्धा तास वरच्या आळीच्या तीन तासांएवढा दिसला असता. काड्या सगळ्या निळ्या. शून्याच्या दिवसाला खाली लाल ठिपका. आनि घरं नावावरनं नाय लावली, पाईप जसा येतो तशी लावली. मी अडानी बाई, मला पन एका नजरेत दिसलं. पाईपाच्या वाटेवरच्या मारुतीच्या देवळापर्यंत निळंच निळं, आनि देवळानंतर गोवर आल्यासारखं लाल.

परत बेलापूरला गेलो. साहेब या वेळी हसला नाय. त्यानं देवळाच्या जागी बोट ठेवलं. "इथून पुढे काय झालंय?"

"तेच विचारायला आलोय आमी," नसीमा बोलली.

आठ दिवसांत देवळापाशी खोदलं. जुन्या वॉल्वमधे दगड अडकून बसलेला, कधीपासून कोन जाने. तो काढला नि दुसऱ्या दिवशी माझ्या मोरीत नळ असा फुसकारला, की गुलाबची सासू दचकून उठली. त्या दिवशी मी उभ्यानं आंघोळ केली, पानी डोक्यावरनं ओतून. नसीमाला सांगायला गेले तर ती बोलली, "वही थांबवू नका हां. पाणी आलं म्हणून वही बंद केली की परत आंधळे होणार."

आमी थांबवली नाय. मधे ती आजारी पडली, दवाखान्यात गेली, परत आली. शेवटी भेटले तेवा उशीला टेकून बसलेली. मी बोलले, काय पायजे का तुला? ती बोलली, "शून्य लिवतेस ना?" एवढंच. मी हो बोलले... तिचा हात थंड होता, मी तो पदरात धरून बसले.

दिवाळीपासून पानी परत गेलंय. वह्या भरल्यात, कोनी दिवस कोरा सोडला नाय. वैशालीनं मोबाईलवर आकडे भरून बगितले, पन परत त्या अडतीस रेघांचा गुंताच होतो. तशा चौकटी कशा काढायच्या, ते नसीमाबरोबर गेलं. हे वाचनाऱ्या तुमच्यातल्या कोनाला ते काम येत असेल, तर एका रविवारी आमच्या खालच्या आळीत या. दोन तासांचं काम असेल. वह्या मी पाईपाच्या परमानं लावून ठेवल्यात.